पाच की सहा?

दहावीच्या प्रश्नपत्रिकेवर सगळ्यात वर 'सूचना' असायच्या, आठवतंय? 'सर्व प्रश्न सोडविणे आवश्यक आहे.' 'उजवीकडील अंक पूर्ण गुण दर्शवितात.' इतक्या वर्षांत त्या कुणी नीट वाचल्या असतील, तर फक्त पर्यवेक्षकांनी. तेही वेळ जात नाही म्हणून. पुढे नोकरी लागली आणि सूचनांची जागा 'आय ॲग्री'च्या चौकोनानं घेतली. चाळीस पानांची पॉलिसी, एक क्लिक, विषय संपला. न वाचता सही करण्यात आपली पिढी एकदम एक्स्पर्ट!

म्हणून आज ज्या कागदाबद्दल लिहितेय, तो तुम्हाला जरा विचित्र वाटेल. हौशी गोल्फपटूंच्या पात्रता फेरीला, म्हणजे क्वालिफायिंग राउंडला नाव दिलं की खेळाडूच्या हातात सूचनांचा एक कागद पडतो. कधी यायचं, काय घालायचं, बॅगेत काय ठेवायचं, चेंडू हरवला तर काय, कार्ड कुठं द्यायचं. दिसायला अगदी सोसायटीच्या नोटिशीसारखा. पण सोसायटीची नोटीस वाचली नाही तर फार तर पाणी जातं. हा कागद वाचला नाही तर सहा महिन्यांची प्रॅक्टिस जाते.

आता तुम्ही म्हणाल, गोल्फ आणि आपण? आपला गोल्फशी संबंध 'गोल्फ व्ह्यू' फ्लॅटच्या जाहिरातीपुरता, आणि व्ह्यूचे पैसे ईएमआयमध्ये वेगळे. मीही असंच म्हणायचे. पण आमच्या टीममधला एक टेस्टर (त्याला आपण टेस्टरच म्हणू) कंपनीच्या ऑफसाइटला गंमत म्हणून ड्रायव्हिंग रेंजवर गेला आणि तिथंच अडकला. मग शनिवार-रविवार पहाटे उठणं, सेकंडहँड क्लब, यूट्यूब, सगळं ओघानं आलंच. मागच्या हिवाळ्यात त्यानं पुण्याजवळच्या एका कोर्सवर पात्रता फेरीत नाव दिलं आणि मला म्हणाला, ''बॅग उचलायला येशील का?'' सकाळची हवा, हिरवळ, फुकटचा चहा. मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तो कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. ''आधी हे पाठ कर.''

पाठ केला. आणि पाठ करता करता लक्षात आलं, की हा कागद कपड्यांबद्दल, घड्याळाबद्दल, चेंडूबद्दल बोलतोय असं वाटतं खरं, पण त्याला म्हणायचंय काहीतरी वेगळंच.

आधी पात्रता तर सिद्ध करा

प्रकार साधा आहे. मुख्य स्पर्धेत जागा थोड्या, इच्छुक जास्त. समजा जागा आठ आणि नावं साठ. मग एक दिवस सगळ्यांनी अठरा होल खेळायचे, प्रत्येक फटका मोजायचा आणि सगळ्यात कमी फटक्यांचे आठ जण पुढे. आठव्या जागेवर दोघं बरोबरीत आले, तर त्यांचा प्लेऑफ. नवव्याला 'छान खेळलास रे' आणि घरी.

इथं वीकेंडचा गोल्फ चालत नाही. वीकेंडला चेंडू होलपासून दीड फुटावर असला की मित्र म्हणतात, ''उचल रे, दिला.'' पहिला फटका बोंबलला तर ''घे अजून एक'' म्हणतात. पात्रता फेरीत कुणी काही देत नाही. चेंडू होलमध्ये टाकल्याशिवाय पुढच्या होलचा पहिला फटका मारलात आणि वेळेत चूक दुरुस्त केली नाहीत, तर सरळ बाद.

आणि नाव द्यायलाही हँडिकॅप लागतो. आपण साधारण किती बरं खेळतो, त्याचा हा आकडा. जितका कमी, तितके तुम्ही भारी. २०२० साली जगभरासाठी वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम नावाची एकच पद्धत आली, तिच्यात कमाल आकडा ५४. मोठ्या स्पर्धांची चाळणी मात्र फार बारीक असते. अमेरिकन ओपनच्या पात्रता फेरीसाठी हौशी खेळाडूची मर्यादा २०२४ साली १.४ वरून ०.४ वर आणली गेली. म्हणजे बहुतेकांनी स्वप्नातच खेळायचं.

ही चाळणी कशासाठी, ते मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट या माणसाला विचारायला हवं होतं. इंग्लंडमधल्या बॅरो गावचा हा क्रेन ऑपरेटर. वय ४६. अख्खा अठरा होलचा राउंड कधी खेळलेला नाही. १९७६ साली त्यानं चक्क ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीचा अर्ज भरला. हौशी म्हणून भरला तर हँडिकॅप दाखवावा लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. मग पठ्ठ्यानं 'प्रोफेशनल'वर खूण केली! फॉर्म्बीच्या कोर्सवर त्यानं फटके मारले १२१. पारपेक्षा ४९ जास्त. ओपनच्या इतिहासातला हा सगळ्यात वाईट स्कोअर. संयोजक भडकले, नियम कडक झाले, तर हा पुढे खोटी नावं घेऊन पुन्हा येत राहिला. २००७ साली तो वारला. २०२१ साली त्याच्यावर 'द फँटम ऑफ द ओपन' हा सिनेमाही आला, मार्क रायलन्सनं त्याचं काम केलंय. वीकेंडला जरूर बघा. आणि बघताना, त्याचे १२१ फटके कार्डावर लिहीत बसलेल्या माणसाची थोडी दया येऊ द्या. त्या लिहिणाऱ्या माणसाकडे आपल्याला परत यायचंच आहे.

लवकर आलात? तरी दंड

कागदावरची पहिली ठळक ओळ वेळेची. तुमची वेळ ८ वाजून १२ मिनिटं असेल, तर ८ वाजून १२ मिनिटांनी तुम्ही टीवर, हातात क्लब घेऊन, खेळायला तयार हवेत. पार्किंगमध्ये नव्हे, 'पाचच मिनिटांत पोचतोय' या मेसेजमध्ये तर नव्हेच. पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटक्यांचा दंड. त्याहून जास्त झाला तर बाद. ट्रॅफिक होता, सिग्नल बंद होता, ही कारणं आपल्या बॉससाठी राखून ठेवा.

गंमत म्हणजे वेळेआधी पहिला फटका मारलात, तरी दंड आहेच. पाच मिनिटांपर्यंत लवकर असेल तर दोन फटके, त्याहून जास्त तर बाद. वेळ म्हणजे वेळ. मराठी माणसाच्या लग्नातल्या मुहूर्तापेक्षा कडक काही असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मोठ्यांचीही धांदल उडते. २०१२ च्या रायडर कपमध्ये रोरी मॅकिलरॉयनं शेवटच्या दिवशीची वेळ दुसऱ्याच टाइम झोनची धरली. पोलिसांच्या गाडीतून त्याला मेडायनाच्या कोर्सवर आणावं लागलं, सामना सुरू व्हायच्या जेमतेम दहा मिनिटं आधी. वर तो जिंकलाही. पण तुमच्या-माझ्यासाठी पोलीस गाडी पाठवत नाहीत.

बॅगेत चौदा, तोंडाला कुलूप

दुसरी ठळक ओळ बॅगेची. क्लब जास्तीत जास्त चौदा. पंधरावा सापडला, तर ज्या ज्या होलवर तो बॅगेत होता त्या प्रत्येक होलला दोन फटके, एकूण चारपर्यंत. वापरला नसला तरीही.

२००१ च्या ब्रिटिश ओपनचा शेवटचा दिवस. रॉयल लिदमवर चार जण बरोबरीत आघाडीवर, त्यात वेल्सचा इयान वूझनम. पहिल्याच होलवर बर्डी. दुसऱ्या टीवर त्याच्या कॅडीनं त्याला सांगितलं, की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत. दोन फटके गेले. वूझनम शेवटी तिसऱ्या क्रमांकावर बरोबरीत राहिला. ही गोष्ट टेस्टरनं मला मुद्दाम सांगितली होती. त्या दिवशी मी बॅगेतले क्लब चार वेळा मोजले. गाडीत, पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीवर आणि टीवर. चौदाच होते.

आणि आता आपल्यासाठी सगळ्यात अवघड नियम. सल्ला द्यायचा नाही, घ्यायचा नाही! ''कुठला क्लब मारलास?'' एवढं दुसऱ्या खेळाडूला विचारलं, तरी दोन फटके. त्यानं सांगितलं, तर त्यालाही दोन. अंतर विचारलं तर चालतं, पण 'वारा आहे, एक क्लब जास्त घे' हे चालत नाही. विचार करा. अठरा होल, चार-साडेचार तास, आणि एकही फुकटचा सल्ला नाही. आपल्या नातेवाइकांना एक राउंड खेळायला लावायला हवं.

सल्ला देऊ शकतो तो फक्त तुमचा कॅडी. एका वेळी एकच. पण कॅडीनं नियम मोडला तर दंड खेळाडूला. २०१९ पासून तर, खेळाडू फटक्यासाठी पाय रोवायला लागला की कॅडीनं त्याच्या मागे, चेंडूच्या रेषेत उभं राहायचंही नाही. म्हणजे 'थोडा डावीकडे, बास, बास' असं रिक्षा पार्क केल्यासारखं करता येत नाही. मी अठरा होल बाजूलाच उभी राहिले.

तीन मिनिटं, गुडघ्याएवढी उंची

चेंडू हरवतो. सगळ्यांचाच हरवतो. शोधायला मिळतात तीन मिनिटं. २०१९ च्या आधी पाच मिळायची. तीन मिनिटांत सापडला नाही, तर एक फटका दंड आणि जिथून मारला तिथं परत. टीवरून मारलेला हरवला, तर टीवर परत येऊन मारायचा फटका तुमचा तिसरा. मागून येणारे लोक तोवर कमरेवर हात ठेवून उभे. म्हणून शंका आली की जागेवरच दुसरा चेंडू मारून ठेवायचा, पण मारण्याआधी 'प्रोव्हिजनल' हा शब्द मोठ्यानं उच्चारायचा. मनात म्हटलेलं चालत नाही. न बोलता मारलात, तर पहिला चेंडू गेला असंच धरतात, मग तो फेअरवेच्या मधोमध तुमची वाट बघत बसलेला का असेना.

आपल्या चेंडूवर आपली खूण हवी. दोन ठिपके, एक रेघ, काहीही. कारण सारख्याच कंपनीचे, सारख्याच नंबरचे चेंडू दोघांकडेही निघतात, आणि दुसऱ्याचा चेंडू मारला की दोन फटके गेले. दंड घेऊन चेंडू खाली सोडायचा, म्हणजे ड्रॉप करायचा झाला, तर तो गुडघ्याच्या उंचीवरून. पूर्वी खांद्यावरून सोडत असत. जुने मेंबर अजूनही सवयीनं हात वर नेतात आणि मग हळूच खाली आणतात.

आणि वेळ काढायचा नाही. एका फटक्याला चाळीस सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नका, अशी नियमांचीच शिफारस आहे. जो तयार असेल त्यानं आधी मारावं, यालाही आता प्रोत्साहन आहे. म्हणजे 'आधी आप, आधी आप' बंद.

पेन्सिल दुसऱ्याच्या हातात

इथपर्यंत मला हा कागद म्हणजे एका चिडक्या हेडमास्तरांची आज्ञापत्रिका वाटत होता. मग शेवटचा भाग आला. स्कोअरकार्ड.

क्रिकेटमध्ये दोन अंपायर, वर थर्ड अंपायर, त्यावर डीआरएस. फुटबॉलमध्ये शिट्टी घेऊन पळणारा रेफरी. पात्रता फेरीत साठ माणसं शंभर-सव्वाशे एकरांवर विखुरलेली असतात, आणि प्रत्येकाच्या मागे पंच ठेवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून गोल्फनं वेगळीच युक्ती काढली. सुरुवातीला खेळाडू आपली कार्डं आपसांत बदलतात. तुमचे फटके मी लिहिणार, माझे दुसरा कुणी. लिहिणाऱ्याला म्हणतात मार्कर. शेवटी मार्करची सही, खेळाडूची सही, आणि मगच तो आकडा खरा. एकही सही राहिली, तर मूळ नियम सांगतो, बाद.

बेरीज चुकली तरी हरकत नाही, ती कमिटीची जबाबदारी. पण प्रत्येक होलचा आकडा खेळाडूची जबाबदारी. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केलीत तर बाद. (एखादा दंड आहे हेच ठाऊक नसल्यामुळे आकडा कमी पडला असेल, तर बाद न करता तो दंड मिळवतात.) खऱ्यापेक्षा जास्त आकड्यावर सही केलीत, तर तो जास्तीचा आकडाच तुमचा.

खोटं वाटतं? १४ एप्रिल १९६८, मास्टर्सचा शेवटचा दिवस. अर्जेंटिनाच्या रॉबर्टो डी व्हिसेन्झोचा त्या दिवशी पंचेचाळिसावा वाढदिवस. सतराव्या होलवर त्यानं तीन फटके घेतले. मार्कर टॉमी आरननं चुकून चार लिहिले. डी व्हिसेन्झोनं न तपासता सही केली. ६५ चे ६६ झाले. ६५ राहिले असते तर बॉब गोल्बीशी बरोबरी आणि प्लेऑफ. तीन फटके हजारो लोकांनी डोळ्यांनी बघितले होते, टीव्हीवर दिसले होते. पण कार्डावर चार होते आणि खाली सही होती. मास्टर्स गोल्बीला मिळालं.

हे जुन्या काळातलं, म्हणू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्डन स्पीथ लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा कोर्सवर दुसऱ्या राउंडनंतर बाद झाला. चौथ्या होलवर चार फटके होते, त्यानं तीनवर सही केली होती.

चौदावं होल

आता आमची गोष्ट. आमच्या ग्रुपमध्ये तिघं. टेस्टर, एक कॉलेजकुमार आणि पन्नाशी ओलांडलेले एक सर. कार्डं फिरली. सरांचं टेस्टरकडे, टेस्टरचं कॉलेजकुमाराकडे, कॉलेजकुमाराचं सरांकडे.

पहिल्या टीवर ओळखपाळख झाली. ''कुठं असतोस?'' सरांनी विचारलं. टेस्टरनं कंपनीचं नाव सांगितलं. ''अरे वा! म्हणजे तुमची बिलं माझ्याच सहीनं निघतात की!'' सर मोठ्यानं हसले. आम्हीही हसलो. आमचं हसू जरा जास्त वेळ चेहऱ्यावर राहिलं. आमच्या क्लायंटच्या ऑफिसातलं वरचं पद आमच्यासमोर हातमोजा चढवत उभं होतं.

सर माणूस म्हणून छान. खेळतही सुरेख होते. तेरा होल झाले तेव्हा कॅडी लोकांचा हिशेब असा होता, की सर नक्की आत जाणार.

चौदाव्यावर त्यांचा दुसरा फटका उजवीकडच्या झुडपात गेला. चेंडू शोधायला आम्ही सगळेच गेलो. चेंडू सापडला, वाळक्या गवतात रुतलेला. आम्ही बाजूला झालो. सरांनी क्लब फिरवला. धूळ उडाली, काटक्या उडाल्या, चेंडू तिथंच. पुन्हा फिरवला. या वेळी चेंडू बाहेर आला. पुढचा फटका ग्रीनवर, आणि लांबचा एक पट सरळ होलमध्ये. टाळ्या पडल्या.

''फाइव्ह,'' सर चालता चालता म्हणाले.

टेस्टरची पेन्सिल कार्डावर टेकलेली होती. ती हलली नाही. मी बॅगेजवळ उभी होते. मलाही सहाच दिसले होते, पण कार्ड माझ्या हातात नव्हतं आणि बोलायचा हक्कही त्याचाच होता.

''सर, टीपासून एकदा मोजू या का?'' टेस्टर म्हणाला. आवाज अगदी नॉर्मल. सोमवारी डेव्हलपरला 'बग पुन्हा आलाय' असं सांगतो ना, तोच.

सरांनी बोटं मोडली. ''ड्राइव्ह एक. झुडपात गेला तो दोन. बाहेर काढला तीन...''

''झुडपात दोन झाले, सर. पहिला चेंडूला लागला नाही.''

''तो प्रॅक्टिस स्विंग होता.''

नियम सांगतो, चेंडू मारायच्या हेतूनं क्लब पुढे फिरवला की तो फटका, मग चेंडूला लागो न लागो. हेतू नसेल तर प्रॅक्टिस स्विंग, तो मोजायचा नाही. आता हेतू कुणाच्या मनात काय होता, ते झुडपातल्या माणसालाच माहीत. तिथं कॅमेरा नव्हता. पंच नव्हता. होता फक्त पंचविशीतला एक पोरगा, ज्याच्या कंपनीची बिलं समोरचा माणूस पास करतो.

पाच लिहून मोकळं होणं किती सोपं होतं! सर खूश, क्लायंट खूश, सोमवारी ऑफिसात सांगायला झकास गोष्ट. पण मनात सहा असताना पाचवर सही करणाऱ्या मार्करलाही बाद करावं, असं नियम म्हणतो. दोघांत एकमत होत नसेल तर मार्करनं सही न करता कमिटीकडे जावं, हेही तोच सांगतो. आणि हे सगळं त्या कागदावर होतं. न वाचता सही करायचा जो कागद असतो ना, त्यावरच.

''ठीक आहे सर,'' टेस्टर म्हणाला. ''मी ही जागा मोकळी ठेवतो. कार्ड देताना कमिटीला तुम्हीच सांगा काय झालं ते. ते म्हणतील ते लिहू.''

सर काही बोलले नाहीत. पंधरावं होल कुणीच काही बोललं नाही. कॉलेजकुमार बिचारा उगाचच बुटाची नाडी बांधत होता. सोळाव्याच्या टीवर सरांनी हातमोजा घट्ट केला, चेंडू टीवर ठेवला, आणि वर न बघता म्हणाले, ''चौदाला सहा लिही.''

''हो, सर.''

एवढंच. मग त्यांनी फटका मारला. चांगला मारला.

संध्याकाळी क्लबच्या बोर्डावर आकडे लागले. सर एका फटक्यानं राहिले. टेस्टर नऊनं राहिला, त्यामुळे त्याला वाईट वाटायचा प्रश्नच नव्हता. निघताना सरांनी त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, ''बरं मोजतोस.'' ते कौतुक होतं की टोमणा, यावर आमच्या टीममध्ये अजून दोन गट आहेत. बिलं मात्र वेळेवर निघतायत.

एकट्यावर सोडलेलं नाही

गोल्फवाले आपल्या खेळातल्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक करतात. त्यात बॉबी जोन्सची गोष्ट हमखास येते. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतःच एक फटका दंड लावून घेतला, बरोबरीत आला, आणि प्लेऑफमध्ये विली मॅकफार्लेनकडून एका फटक्यानं हरला. लोक वाहवा करायला लागले तेव्हा तो वैतागला, म्हणे बँक लुटली नाही म्हणून कुणी माझी पाठ थोपटता का, अशा अर्थाचं काहीतरी बोलला, असं सांगतात. जोन्स आयुष्यभर हौशीच राहिला. पेशानं वकील.

गोष्ट मोठी आहे. पण मला तो सूचनांचा कागद जास्त शहाणा वाटतो. कारण प्रत्येक जण बॉबी जोन्स असेल, असं तो धरून चालत नाही. आणि प्रत्येक जण चोर आहे, असंही धरत नाही. खरं बोलाल असं समजतो, आणि तरी शेजारी पेन्सिल घेऊन एक माणूस उभा करतो. वर, त्या माणसानं भांडण न करता 'नाही' कसं म्हणायचं, तेही लिहून देतो. मोजू या का, जागा मोकळी ठेवतो, कमिटीला विचारू. त्या दोन होलमध्ये सरांना विचार करायला जी जागा मिळाली, ती या मोकळ्या चौकोनामुळेच. टेस्टर त्यांना खोटं पाडायला गेला असता, तर सर प्रॅक्टिस स्विंगवरच अडून बसले असते, असं मला राहून राहून वाटतं.

आपल्याकडे काय असतं? सेल्फ अप्रेझल. स्वतःचं कार्ड स्वतःच भरायचं. पाचपैकी किती? साडेचार! स्टेटस मीटिंगमध्ये गेले तीन आठवडे तेच मॉड्यूल '९० टक्के' झालेलं असतं. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना ते माहीत असतं. पण 'पहिल्यापासून एकदा मोजू या का?' असं विचारायचं काम कुणाचंच नसतं, आणि कुणी विचारलं तर तो आगाऊ ठरतो. पेन्सिल कुणाच्याच हातात दिलेली नसते, ही खरी अडचण.

असो. रेंजवर जाणाऱ्यांपैकी कुणी या हिवाळ्यात पहिल्यांदा पात्रता फेरीत नाव देणार असेल, तर खालचा चौकोन कापून फ्रिजवर लावा. बाकीच्यांनी सिनेमा बघा. भेटू पुढच्या आठवड्यात.

फ्रिजवर लावा!

- आदल्या रात्री क्लब मोजा. सकाळी पुन्हा मोजा. चौदा.
- सगळ्या चेंडूंवर स्वतःची खूण. किमान सहा चेंडू जवळ ठेवा, कोर्सला दया नसते.
- वेळेच्या एक तास आधी पोचा, पण टीवरून मारा वेळेवरच. स्ट्रोक प्लेच्या दिवशी राउंडआधी कोर्सवर सराव करायचा नाही. रेंज किंवा प्रॅक्टिस ग्रीन वापरा.
- अंतर मोजणारं यंत्र चालतं का, ते स्थानिक नियमांत बघा. चालत असेल तरी चढ-उतार सांगणारी सोय बंद ठेवा.
- शंका आली की 'प्रोव्हिजनल' मोठ्यानं म्हणा.
- नियम कळत नसेल तर अंदाजानं पुढे जाऊ नका. कमिटीचा माणूस बोलवा, त्यासाठीच तो असतो.
- प्रत्येक होलनंतर आकडा दोघांनी मोठ्यानं बोला. तिथल्या तिथं, पुढच्या टीवर जायच्या आत.
- कार्ड देताना घाई नको. होलवार आकडे वाचा, मार्करची सही बघा, मग स्वतःची करा.
- दोन पेन्सिली न्या. एक तुमची, एक विसरून येणाऱ्याची.